टपालाच्या काट्यावर

पोस्ट बंद झालं तेव्हा
मी फक्त काटा मागून घेतला.
एकतीस वर्षं त्यावर गावाचं बोलणं तोललं,
आता खिडकीशी, ओट्यावर,
एकेक चमचा ठेवून बघतेय.

स्टीलचा, रोजचा: बावन्न.
लग्नाची जाड पत्रिका, आत फोटोसकट.
नको.

प्लास्टिकचा नऊ.
पण त्याचा भाऊ गेल्या सप्टेंबरात, केव्होच्या दरीत,
गोठलेल्या लोण्यात कडकन मोडला
आणि पुढचे चार दिवस
मी दांडीनं लापशी चाटली.

लाकडी, बर्चचा, एस्कोनं कोरलेला: चौदा.
हातात बसतो छान.
मात्र मागच्या खेपेचं माशाचं सूप
अजून मुरलंय त्याच्या अंगात,
पहाटेची कॉफी ढवळताना
तो मासा परत पोहायला लागतो.

टायटॅनियमचा, आखूड: तेरा.
इवालोच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
सगळे हाच नेतात.
त्याला कुणी सांगावं, बाबा,
पिशवीत उकळतं पाणी ओतून फुगवलेल्या जेवणाचा
तळ खोल असतो.
आखूड चमचा तिथवर पोचतो,
पण सोबत बोटांची पेरंही नेतो,
आणि मग ती पेरं रात्रभर
स्लीपिंग बॅगेत कांद्याचा वास घेऊन निजतात.

टायटॅनियमचाच, लांब दांडीचा: सतरा.
चार ग्रॅम जास्त.

चार ग्रॅम म्हणजे काय, ते मला विचारा.
तेवढ्यासाठी मी माणसं परत पाठवलीत,
आणखी तिकीट लागेल म्हणून.
एका म्हातारबांनी तर माझ्यासमोरच
पत्राचं शेवटचं पान काढलं,
घडी घालून खिशात ठेवलं,
आणि बाकीचं माझ्या हाती दिलं.
सही त्याच पानावर असणार.

सतरा. ठरलं.

तायमी म्हणजे घटकेत तोळा, घटकेत मासा.
सकाळी फोनवर: गुडघा दुखतोय, येत नाही.
दुपारी बसमधून माझ्या आधी तीच उतरली.
तिची सॅक उचलून पाहिली तर
आत बीडाचा तवा.
"पॅनकेकसाठी," म्हणाली,
जणू दोन किलोंना एवढं कारण पुरतं.

दोन दिवस चाललो.
खुरटे बर्च मागे पडले, मग झुडपं, मग नुसते दगड,
आणि दगडांवर बसून आमच्याकडे बघणारा एक रेनडिअर,
ज्याच्या पाठीवर काहीच नव्हतं.

मुक्कामाच्या झोपडीला कुलूप नसतं.
चूल पेटवली, पाणी उकळलं, पिशवी भरली,
दहा मिनिटं टोपीत गुंडाळून ठेवली.
उघडली तशी वाफ आली, बार्लीची, अळंब्यांची.
तायमी हात पुढे करून बसलेली.

"तुझा चमचा?"
"आणलाच नाही. वजन कमी केलं.
तूच महिनाभर डोकं खात होतीस ना?"

शून्य ग्रॅम.
एवढे चमचे तोलले मी,
आणि सगळ्यांत हलका सुचलाच नाही:
दुसऱ्याच्या सॅकमधला.

बोलणार होते बरंच काही.
पण एक घास मी, एक घास ती,
असं ठरल्यावर भांडायला तोंड रिकामं मिळत नाही;
माझं रिकामं असतं तेव्हा तिचं भरलेलं,
आणि भरल्या तोंडाशी काय भांडायचं?
शिवाय ती प्रत्येक घासावर तीनदा फुंकर घालते.
बेचाळीस वर्षांच्या ओळखीत
हे मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे म्हणतात, चमचा सुंदर हातात घ्यावा,
म्हणजे समोर आलंय ते पत्करावं, कामाला लागावं.
चुलीच्या उजेडात बघितलं:
तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी, माझी नखं काळी.
सुंदर हात कोणाचा, ते म्हण सांगत नाही.
चमचा तेवढा जात-येत राहिला.

सकाळी पॅनकेक झाले.
उलथनंही आणलं नव्हतं तिनं.
लांब दांडीनं उलटले मी,
आखूड असता तर हात भाजला असता.

निघताना झोपडीच्या वहीत लिहिलं:
माणसं दोन. वारा वायव्येचा. चमचा एक.
तायमीनं पेन ओढून घेतलं
आणि खाली, ठळक अक्षरांत:
तवा एक.